घोरणं मध्येच थांबलं, तर लक्ष द्या

1956 साली ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये बोस्टनच्या डॉक्टरांनी एका रुग्णाची हकीकत छापली. 51 वर्षांचा, चांगल्या हुद्द्यावरचा, अंगाने भरपूर स्थूल असा हा गृहस्थ दर आठवड्याला मित्रांबरोबर पत्ते खेळायचा. एका डावात त्याच्या हातात तीन एक्के आणि दोन बादशहा आले. पोकरच्या खेळात असा हात क्वचितच पडतो. पण पानं हातात असतानाच त्याला झोप लागली आणि तो डाव वाया गेला. हे काहीतरी वेगळंच आहे, असं तेव्हा त्याला वाटलं आणि थोड्याच दिवसांत तो रुग्णालयात दाखल झाला. डिकन्सच्या ‘पिकविक पेपर्स’मध्ये सारखा पेंगणारा एक लठ्ठ पोरगा आहे. त्याच्यावरून डॉक्टरांनी या दुखण्याला ‘पिकविकियन सिंड्रोम’ म्हटलं.

या रुग्णाला डॉक्टरांनी जागेपणी तपासलं होतं. रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेला आढळला. लठ्ठपणामुळे श्वास पुरेसा घेतला जात नाही, हा वायू साठतो आणि त्याची गुंगी येते, असा अर्थ लावला गेला. त्यात तथ्य होतं, पण अपुरं. अशी माणसं रात्री झोपतात कशी, हे नीट पाहायला आणखी नऊ वर्षं जावी लागली. 1965 मध्ये फ्रान्समधल्या मार्सेय इथे आणि जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे संशोधकांनी अशा रुग्णांच्या रात्रभराच्या झोपेची, मेंदूच्या लहरींची आणि श्वासाची नोंद घेतली. झोप लागली की श्वास थांबत होता. मेंदू दचकून जागा होत होता, श्वास सुरू होत होता आणि पुन्हा झोप लागली की पुन्हा थांबत होता. दिवसाची पेंग ही रात्री न झालेल्या झोपेची होती. पुढे 1976 मध्ये स्टॅनफर्डच्या ख्रिस्तियान गिलमिनो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘स्लीप अ‍ॅप्निया सिंड्रोम’ हे नाव रूढ केलं.

खरं तर लंडनच्या विल्यम ब्रॉडबेंट या डॉक्टरांनी 1877 मध्येच लिहून ठेवलं होतं की, उताणा झोपून जोरात घोरणाऱ्या वयस्क माणसाचा आवाज मध्येच पूर्ण बंद होतो, छाती हलत राहते पण हवा आत जात नाही आणि मग मोठ्या घुरकाऱ्यासरशी श्वास सुटतो. त्यांनी खाटेशेजारी उभं राहून जे पाहिलं, ते आजही महाराष्ट्रातल्या लाखो घरांत रोज रात्री घडतं. पाहणारं माणूसही तिथे असतं. पण आपल्याकडे घोरणं हा चेष्टेचा विषय. “काल काय घोरलात हो!” “मी? छे, मी कुठे घोरतो?” एवढ्यावर संवाद संपतो. कोणी हॉलमध्ये गादी टाकतं, कोणी कानात बोळे घालतं. घोरणारा माणूस ‘गाढ झोपलाय’ असं आपण समजतो. या आजारात तेच सगळ्यात घातक आहे, कारण रुग्ण स्वतःच्या आजाराचा साक्षीदार होऊच शकत नाही. तो झोपलेला असतो.

नेमकं काय होतं ते पाहू. नाक आणि तोंडापासून स्वरयंत्रापर्यंतचा जो घशाचा भाग आहे, त्याला हाडाचा किंवा कूर्चेचा आधार नाही. खाली श्वासनलिकेला कूर्चेची कडी आहेत, छातीला बरगड्या आहेत, पण घसा म्हणजे स्नायूंची मऊ नळी. गिळता यावं, बोलता यावं म्हणून तो तसा असावा लागतो. जागेपणी तिथले स्नायू ताठ राहून वाट मोकळी ठेवतात. झोपेत ते सैल पडतात. जीभ मागे सरकते, मऊ टाळू आणि पडजीभ खाली येतात. वाट अरुंद झाली की हवा जाताना कडा थरथरतात, ते घोरणं. मऊ रबरी नळीतून जोरात हवा ओढली तर तिच्या भिंती आतल्या बाजूला चिकटतात, तसं पुढे घशाचं होतं आणि वाट पूर्ण बंद पडते. आवाज थांबतो. शेजारच्या माणसाला हायसं वाटतं, पण धोक्याचा क्षण नेमका तोच.

छाती आणि पोट जोर लावतच असतात. रक्तातला प्राणवायू उतरू लागतो, कार्बन डायऑक्साइड चढतो. मेंदूला धोक्याची सूचना मिळते, अ‍ॅड्रेनालिनचा लोंढा सुटतो, स्नायू क्षणभर ताठ होतात आणि धाप लागल्यासारखा मोठा श्वास आत येतो. ही जाग काही सेकंदांचीच असते, त्यामुळे सकाळी तिची आठवणही राहत नाही. निदानाच्या भाषेत 10 सेकंद किंवा त्याहून जास्त वेळ श्वासाचा प्रवाह थांबला की तो एक ‘अ‍ॅप्निया’. पूर्ण न थांबता बराच मंदावला आणि प्राणवायू उतरला, तर तोही मोजतात. तासाला सरासरी पाचपेक्षा कमी वेळा होत असेल तर ते सामान्य समजतात. पाच ते पंधरा म्हणजे सौम्य, पंधरा ते तीस मध्यम आणि तीसच्या वर तीव्र. तीव्र प्रकारात सात तासांच्या झोपेत दोनशेहून जास्त वेळा माणसाचा श्वास कोंडतो. बिछान्यात आठ तास काढूनही तो थकलेलाच उठतो, यात नवल नाही. (मेंदूकडून श्वासाची आज्ञाच न येण्याचा एक वेगळा, कमी आढळणारा प्रकार आहे. तो हृदय निकामी होत चाललेल्या किंवा अफूजन्य वेदनाशामकं घेणाऱ्या रुग्णांत दिसतो. इथे बोलतो आहोत ते वाट बंद पडण्याच्या प्रकाराबद्दल.)

थकवा हा या आजाराचा दिसणारा भाग. आत जे घडतं ते जास्त गंभीर आहे. निरोगी माणसाचा रक्तदाब रात्री उतरतो, हृदयाला आणि रक्तवाहिन्यांना विसावा मिळतो. अ‍ॅप्नियाच्या रुग्णाला तो मिळत नाही. प्रत्येक कोंडीनंतर रक्तदाब उसळतो आणि वर्षानुवर्षं असं होत राहिलं की दिवसाही तो चढाच राहतो. तीन-तीन गोळ्या चालू असून ज्यांचं बीपी आटोक्यात येत नाही, त्यांच्यात हा आजार फार मोठ्या प्रमाणात सापडतो. अशा वेळी चौथी गोळी वाढवण्याआधी ‘तुम्ही घोरता का?’ हा प्रश्न विचारला जायला हवा आणि दवाखान्यांत तो फारच कमी विचारला जातो, असं माझं स्पष्ट मत आहे. हृदयाचे ठोके अनियमित होणं, पक्षाघात, मधुमेहात साखर हाताबाहेर जाणं, या सगळ्यांशी त्याचं नातं दिसून आलं आहे.

2005 मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी, हृदय अचानक बंद पडून मृत्यू आलेल्या 112 जणांच्या नोंदी तपासल्या. या सर्वांच्या झोपेची तपासणी आधी कधीतरी झालेली होती. असे मृत्यू एरवी सकाळी उठल्यानंतरच्या काही तासांत जास्त होतात. पण अ‍ॅप्निया असलेल्यांपैकी 46 टक्के लोकांचा मृत्यू मध्यरात्र ते सकाळी सहा या वेळात झाला होता. अ‍ॅप्निया नसलेल्यांत हेच प्रमाण 21 टक्के होतं. ‘झोपेतच गेले, सुखाचं मरण आलं’ असं आपण म्हणतो, त्यातले काही मृत्यू कदाचित टाळता आले असते. फेब्रुवारी 2022 मध्ये संगीतकार बप्पी लाहिरी मुंबईत वारले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत याच आजाराचं नाव होतं. अनेक घरांत ते त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं गेलं.

रात्री लघवीला उठण्याची गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. पन्नाशीच्या पुढे रात्री तीन-तीनदा उठावं लागलं की माणूस प्रोस्टेट किंवा साखर तपासून घेतो, ते योग्यच. पण बंद घशाविरुद्ध छाती जोर लावते तेव्हा छातीतला दाब घटतो, हृदयाच्या कप्प्यांवर ताण येतो, शरीरात पाणी जास्त झाल्याचा हृदयाचा समज होतो आणि ते लघवी वाढवणारं संप्रेरक सोडतं. घशाचा इलाज झाला की ही उठबस कमी झाल्याचा अनुभव अनेक रुग्ण सांगतात. सकाळी डोकं जड असणं, तोंडाला कोरड, चिडचिड, विसराळूपणा, कामेच्छा कमी होणं, हीही याच आजाराची लक्षणं असू शकतात. पण ती सुटी सुटी पाहिली की वय, कामाचा ताण, पित्त असं काहीही निमित्त त्यांना चिकटतं.

आता हा आजार आपल्याकडे किती, ते पाहू. मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयात डॉ. झरीर उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2004 मध्ये प्रसिद्ध झाला. नेहमीच्या आरोग्य तपासणीसाठी आलेल्या 35 ते 65 वयाच्या 658 पुरुषांकडून त्यांनी माहिती घेतली आणि त्यांतल्या 250 जणांच्या झोपेची नोंद घरीच केली. झोपेत श्वासाचा बिघाड 19.5 टक्के पुरुषांत असल्याचा अंदाज निघाला. बिघाड आणि दिवसा झोप येणं, दोन्ही असलेले 7.5 टक्के होते. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या 1993 च्या प्रसिद्ध अभ्यासात पुरुषांसाठी हा दुसरा आकडा 4 टक्के होता. म्हणजे हा पाश्चात्त्य, लठ्ठ माणसांचा आजार आहे ही समजूत मुंबईतच खोटी ठरली. दिल्लीच्या ‘एम्स’मधल्या संशोधकांनी देशभरचे अभ्यास एकत्र करून 2023 मध्ये जो अंदाज दिला, त्यानुसार भारतातल्या सुमारे 11 टक्के प्रौढांना, म्हणजे दहा कोटींहून अधिक लोकांना हा त्रास आहे. यांतल्या बहुतेकांना त्याचा पत्ताही नाही.

लठ्ठपणा हे मोठं कारण आहेच. मानेभोवती आणि जिभेत साठलेली चरबी वाट अरुंद करते. पुरुषांत मानेचा घेर 17 इंचांच्या वर आणि बायकांत 16 इंचांच्या वर असेल तर धोका वाढतो, असं पाश्चात्त्य पुस्तकांत दिलेलं असतं. पण आशियाई लोकांत जबड्याची ठेवणच अशी असते की कमी वजनातही घसा अरुंद पडतो. हनुवटी लहान किंवा मागे गेलेली असेल तर सडपातळ माणसालाही तीव्र अ‍ॅप्निया असू शकतो. ‘मी तर बारीक आहे’ या समाधानात राहू नये.

बायकांच्या बाबतीत हा आजार आणखी लपतो. पाळी जाईपर्यंत संप्रेरकांमुळे त्यांना काहीसं संरक्षण असतं, नंतर ते उरत नाही. त्यांची तक्रारही वेगळी असते. झोप लागत नाही, सकाळी डोकं दुखतं, दिवसभर गळून गेल्यासारखं वाटतं. घोरण्याचा उल्लेख त्या करत नाहीत, कारण बाईने घोरणं ही आपल्याकडे लाजेची गोष्ट मानली जाते. मग थकव्याचं खापर रक्त कमी असण्यावर किंवा थायरॉइडवर फोडलं जातं. मुलांमध्ये कारण बहुधा टॉन्सिल आणि नाकामागे वाढलेल्या अ‍ॅडिनॉइडच्या गाठी हे असतं. तोंड उघडं टाकून, मान मागे ताणून झोपणारं, रात्री घामाने भिजणारं, मोठं झालं तरी अंथरूण ओलं करणारं मूल दिवसा पेंगत नाही, उलट चळवळं आणि चिडकं होतं, अभ्यासात लक्ष लागत नाही. शाळेतून तक्रारी आल्या की त्याला रागावण्याआधी कान-नाक-घसा तज्ज्ञाला दाखवा. गाठी काढल्यावर बऱ्याच मुलांची झोपही सुधारते आणि वागणंही.

हा आजार एकट्या रुग्णापुरता राहत नाही. 1 डिसेंबर 2013 च्या सकाळी न्यूयॉर्कमध्ये एक उपनगरी गाडी वळणावर रुळांवरून घसरली आणि चार प्रवासी मरण पावले. ताशी 48 किलोमीटर वेगाची मर्यादा असलेल्या त्या वळणावर गाडी ताशी 132 किलोमीटर वेगाने शिरली होती. चालकाला डुलकी लागली होती आणि त्याला तीव्र अ‍ॅप्निया असल्याचं अपघातानंतर तपासणीत निघालं. त्याच्या पोटात दारू नव्हती, तो बेफिकीरही नव्हता. त्याच्या आजाराचं कोणी निदानच केलं नव्हतं. आपल्याकडे रात्रभर ट्रक, खासगी बस आणि भाड्याच्या गाड्या चालवणाऱ्यांना चहा पाजून जागं ठेवलं जातं. सिग्नलला थांबल्यावर ज्याचे डोळे मिटतात, त्या माणसाने तपासणी होईपर्यंत हातात स्टिअरिंग घेऊ नये, मग तो घरातला कर्ता पुरुष असला तरी.

निदानासाठी झोपेची तपासणी, म्हणजे ‘स्लीप स्टडी’ करतात. एक रात्र डोक्याला, डोळ्यांजवळ, हनुवटीला तारा, छाती-पोटाला पट्टे, नाकाशी हवेचा प्रवाह मोजणारी नळी आणि बोटाला प्राणवायू मोजणारी चिमटी लावतात. यात दुखण्यासारखं काहीच नसतं. बऱ्याच रुग्णांना कमी तारांचं छोटं यंत्र देऊन ती घरीही करता येते. करोनाच्या काळात अनेकांच्या घरी ऑक्सिमीटर आला. तो संध्याकाळी बोटाला लावून 98 आकडा पाहायचा आणि निर्धास्त व्हायचं, हे मात्र उपयोगाचं नाही. या आजारात दिवसाचा आकडा उत्तम असतो. बिघाड रात्रीच, तोही मिनिटामिनिटाने होतो.

उपचाराची कहाणी उमेद देणारी आहे. 1980 पर्यंत खात्रीचा इलाज एकच होता, गळ्याला भोक पाडून त्यात नळी बसवायची. सिडनीतले डॉ. कॉलिन सुलिवन यांनी आधी कुत्र्यांच्या श्वासावर संशोधन करताना त्यांच्या तोंडाला बसतील असे मास्क बनवले होते. 1980 मध्ये गळ्याच्या शस्त्रक्रियेला तयार नसलेला एक रुग्ण त्यांच्याकडे आला. सुलिवन यांनी व्हॅक्यूम क्लीनरच्या मोटरवर चालणारा पंखा जोडून, नाकावर बसवलेल्या मास्कमधून हलक्या दाबाने हवा आत सोडली. घोरणं थांबलं, श्वासही थांबेना आणि तो माणूस रात्रभर सलग झोपला. 1981 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये पाच रुग्णांचा अनुभव छापून आला आणि आजचं ‘सीपॅप’ यंत्र जन्माला आलं. ते व्हेंटिलेटर नाही आणि त्यातून ऑक्सिजनही येत नाही. खोलीतलीच हवा थोड्या दाबाने घशात राहते आणि भिंती मिटू देत नाही. ‘एकदा लावलं की फुप्फुसांना सवय लागते’ हा समज निराधार आहे. चष्मा काढला की धूसर दिसतं, ती चष्म्याची सवय नसते.

मात्र यंत्र लावून झोपणं सोपं नाही, हेही सांगितलंच पाहिजे. नाक कोरडं पडतं, मास्कमधून हवा गळते, आरशात स्वतःला पाहून मन खट्टू होतं. पहिले काही आठवडे कठीण जातात आणि अनेक यंत्रं त्यानंतर कपाटात जातात. मास्क बदलून, हवेत ओलावा घालून, दाब नीट करून बहुतेक अडचणी सुटतात, पण त्यासाठी डॉक्टरांकडे परत जावं लागतं. 2016 मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल’मध्ये आलेल्या एका मोठ्या चाचणीत, आधीच हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्या सुमारे 2,700 रुग्णांपैकी निम्म्यांना सीपॅप देऊनही त्यांचे पुढचे झटके कमी झाले नाहीत. दिवसाची पेंग मात्र कमी झाली आणि मनःस्थिती सुधारली. त्या रुग्णांनी यंत्र रात्री सरासरी 3.3 तासच वापरलं होतं. माझ्या मते यातून दोन गोष्टी घ्यायच्या. यंत्र हृदयाची हमी देत नाही, म्हणून बीपीची औषधं सोडायची नाहीत. आणि अर्धी रात्र लावलेल्या यंत्राकडून पूर्ण रात्रीचा लाभ मागायचा नाही.

वजनाचा मुद्दा टाळता येत नाही. विस्कॉन्सिनच्याच संशोधकांना आढळलं की वजन 10 टक्क्यांनी घटलं तर श्वास कोंडण्याचं प्रमाण साधारण 26 टक्क्यांनी कमी होतं आणि तेवढंच वाढलं तर साधारण 32 टक्क्यांनी वाढतं. डिसेंबर 2024 मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकांनी टिर्झेपटाइड या वजन घटवणाऱ्या इंजेक्शनला, लठ्ठपणासोबत असलेल्या मध्यम ते तीव्र अ‍ॅप्नियासाठी मान्यता दिली. सौम्य आजारात दंतवैद्याकडून खालचा जबडा पुढे धरणारं साधन करून घेता येतं, कुशीवर झोपण्याचाही काहींना चांगला उपयोग होतो. जयपूरच्या डॉक्टरांनी 2025 मध्ये 30 रुग्णांवर केलेला एक छोटा अभ्यास आपल्याला जवळचा वाटेल. सहा महिने, आठवड्यातले पाच दिवस किमान 15 मिनिटं शंख वाजवणाऱ्यांची दिवसाची पेंग 34 टक्क्यांनी कमी झाली आणि तासाला चार-पाच वेळा श्वास थांबणं घटलं. घशाच्या स्नायूंना व्यायाम मिळतो, हे पटण्यासारखं आहे. पण तासाला चाळीस वेळा श्वास थांबणाऱ्याला पाच कमी होऊन पुरणार नाही. देवघरातला शंख जरूर वाजवावा, यंत्राच्या जागी नव्हे.

दोन गोष्टी मात्र कटाक्षाने टाळा. झोप नीट लागत नाही म्हणून स्वतःच्या मनाने झोपेची गोळी घेऊ नका आणि रात्रीची दारू तर नकोच. दोन्हींनी घशाचे स्नायू आणखी सैल पडतात आणि मेंदूची जागं करण्याची ताकद मंदावते. शिवाय कोणतीही शस्त्रक्रिया ठरली, मग ती हाडाची असो किंवा पोटाची, तर ‘मी जोरात घोरतो, मध्ये श्वास थांबतो’ हे भूलतज्ज्ञांना आपणहून सांगा. भूल आणि त्यानंतरची वेदनाशामकं देताना त्यांना त्याप्रमाणे काळजी घ्यावी लागते. घरचं यंत्र असेल तर ते रुग्णालयात सोबत न्या.

प्रत्येक घोरणाऱ्याला अ‍ॅप्निया असतोच असं नाही. तो आहे का, हे ओळखायला पहिली मदत शेजारी झोपणाऱ्या माणसाचीच होते. म्हणून शेवटची विनंती त्यांना आहे. आज-उद्या एका रात्री थोडा वेळ जागं राहा. आवाज मध्येच तुटतो का, छाती हलत असून श्वास येत नाही असं होतं का, मग धाप लागल्यासारखा उसासा येतो का, ते पाहा. मोबाइलवर चार-पाच मिनिटांचं चित्रण करा. ते घेऊन छातीविकार किंवा कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा आणि रुग्णाला एकटं पाठवू नका, तुम्हीही बरोबर जा. डॉक्टरांना जे विचारायचं असतं, त्याचं उत्तर तुमच्याकडेच असतं.